नवा कॉम्प्युटर घेताना रेकॉर्डिंगचा बॅकअप: जुनं मशीन चालू आहे तोवर काय करून घ्यावं

कोल्हापुरात कळंबा रोडला घरातच छोटी रेकॉर्डिंग रूम चालवणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आहे. सात-आठ वर्षांचं काम विंडोज १० च्या टॉवरवर साठलं आहे: भजनी मंडळं, पोवाडे, गणपतीची आणि जोतिबाची गाणी, थोड्या जाहिराती. बहुतेक क्यूबेस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये, अलीकडचं रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. नवा लॅपटॉप ठरला आहे. दुकानदार म्हणतो, जुनं मशीन एक्स्चेंजला द्या, डेटा आम्ही कॉपी करून देतो. त्यांनी विचारलंय, “सगळे प्रोजेक्ट फोल्डर एका हार्ड डिस्कवर घेतले की झालं ना?”

नाही, तेवढ्यानं होत नाही. फोल्डर कॉपी करणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. अवघड काम त्याच्या आधीचं आहे आणि ते फक्त जुनं मशीन सुरू असताना, त्यावरची सगळी प्लगिन (आवाजाला आकार देणारे किंवा वाद्यं वाजवणारे जोड-प्रोग्रॅम) चालत असतानाच करता येतं. म्हणून पहिली विनंती: एक्स्चेंजला आत्ता हो म्हणू नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून बरेच जण घाईला आले आहेत, पण सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही. इंटरनेटची वायर काढून ठेवा, ते पुढेही रेकॉर्डिंग करत राहील. तुमच्याकडे वेळ आहे, तो वापरा.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. प्रोजेक्ट फाइलमध्ये आवाज नसतो. क्यूबेसची सीपीआर फाइल काय आणि रीपरची आरपीपी फाइल काय, ती आचाऱ्यानं लिहून दिलेल्या यादीसारखी असते. कुठली ऑडिओ फाइल कुठून कुठपर्यंत वाजवायची, तिच्यावर कुठलं प्लगिन, आवाजाची पातळी (फेडर) किती, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. सामान दुसरीकडे असतं. रीपरच्या बाबतीत हे डोळ्यांनी बघता येतं, कारण आरपीपी ही साधी टेक्स्ट फाइल आहे. एखादी फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि ऑडिओ फाइलींची नावं शोधा. नुसतं नाव असेल तर ती फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आहे. पण कुठेतरी सी ड्राइव्हपासून सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसेल, डाउनलोड्स फोल्डरमधला हलगीचा लूप किंवा डेस्कटॉपवरून ओढून टाकलेला व्हॉट्सॲपवरचा ट्रॅक. तुम्ही प्रोजेक्ट फोल्डर कॉपी कराल तेव्हा हे मागे राहतील. नव्या मशीनवर पोवाडा उघडेल, शाहिरांचा आवाज असेल, डफ असेल आणि हलगी गायब असेल.

क्यूबेसमध्ये हे बघायला ‘पूल’ ही प्रोजेक्टमधल्या ऑडिओ फाइलींची यादी उघडा, कंट्रोल आणि पी. त्यात स्टेटसचा रकाना असतो. एक्स दिसला तर ती फाइल प्रोजेक्टच्या बाहेर आहे. प्रश्नचिन्ह दिसलं तर ती आत्ताच हरवलेली आहे. मग ती याच मशीनवर शोधा, कारण ती सापडण्याची शक्यता इथेच सगळ्यात जास्त. सगळी प्रश्नचिन्हं गेली की मीडिया मेन्यूतलं प्रिपेअर आर्काइव्ह चालवा. बाहेरच्या सगळ्या फाइली ते प्रोजेक्टच्या ऑडिओ फोल्डरमध्ये आणून ठेवतं. त्यानंतरच फोल्डर कॉपी करायच्या लायकीचा होतो. रीपरमध्ये सेव्ह ॲज करताना खाली मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याची खूण असते, ती करा. एबलटनमध्ये कलेक्ट ऑल अँड सेव्ह, लॉजिकमध्ये कन्सॉलिडेट, प्रोटूल्समध्ये सेव्ह कॉपी इन, एफएल स्टुडिओमध्ये झिप्ड लूप पॅकेज. नावं वेगळी, काम तेच.

इथे एक सावधगिरी. क्यूबेसच्या बॅकअप प्रोजेक्टच्या चौकटीत न वापरलेल्या फाइली काढून टाका आणि ऑडिओ फाइली छोट्या करा असे दोन पर्याय असतात. जागा वाचते म्हणून मोह होतो. कृपा करून त्यांना हात लावू नका. “न वापरलेलं” म्हणजे मिक्समध्ये न घेतलेले टेक. गावाकडच्या भजनी मंडळातले वयस्कर बुवा तुमच्याकडे एकदाच येऊन गायलेले असतात. त्यांचा दुसरा टेक, मधलं बोलणं, पेटीवर सूर धरतानाचं गुणगुणणं, हे सगळं त्या “न वापरलेल्या” फाइलींत असतं. बुवा गेल्यावर त्यांच्या घरचे येतात तेव्हा नेमकं तेच मागतात. एडिट्स नावाचा फोल्डरही कचरा समजून उडवू नका. ऑडिओवर तुम्ही केलेल्या प्रक्रियेच्या फाइली त्यात असतात आणि प्रोजेक्टला त्या लागतात. इमेजेस फोल्डरमध्ये मात्र फक्त वेव्हफॉर्मची चित्रं असतात, ती पुन्हा तयार होतात. रीपरच्या पीक फाइलींचंही तसंच.

आता खरं दुखणं, म्हणजे प्लगिन आणि वाद्यं. ऑडिओ सगळा पोचला तरी नव्या मशीनवर गाणं जसंच्या तसं वाजेल याची खात्री नसते. जुन्या क्यूबेसमध्ये ३२ बिटची प्लगिन चालायची. क्यूबेस ९ पासून ती बंद झाली. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर क्यूबेस त्याच्या मूळ पद्धतीनं चालवलं तर फक्त व्हीएसटी ३ या नव्या प्रकारची प्लगिन उघडतात, जुनी व्हीएसटी २ दिसतसुद्धा नाहीत. मॅकनं तर ३२ बिटचा विषय २०१९ च्या कॅटालिनापासून संपवलाच आहे. कॉन्टॅक्ट या वाद्यांच्या प्लगिनमधली तानपुरा, तबला, स्ट्रिंग्जची लायब्ररी (रेकॉर्ड करून ठेवलेले सूर, म्हणजे सॅम्पल) कुठल्या ड्राइव्हवर आहे हे मशीनला ठाऊक असतं. ड्राइव्हचं अक्षर बदललं की सॅम्पल सापडत नाहीत. आणि आपल्याकडे उघड बोललं जात नाही असं एक दुखणं आहे: क्रॅक केलेली प्लगिन. ती नव्या विंडोजवर चालतील असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि त्यांच्यासाठी मदत कोणाकडे मागणार? इतक्या वर्षांत मी जी गाणी कायमची बदललेली पाहिली, त्यातली बहुतेक इथेच अडकली. आवाज होता, पण त्याला आकार देणारं प्लगिन नव्हतं.

यावर उपाय एकच, आणि या उत्तरात मला मुख्यतः तोच सांगायचा आहे. जुनं मशीन गाणं नीट वाजवतंय तोवर प्रत्येक ट्रॅक साध्या वेव्ह फाइलमध्ये प्रिंट करून, म्हणजे आवाजाची स्वतंत्र फाइल काढून ठेवा. वेव्ह हा प्रकार १९९१ पासून चालत आला आहे आणि आजही कुठलाही सॉफ्टवेअर तो उघडतो. वीस वर्षांनी क्यूबेस राहील की नाही, रीपर राहील की नाही, हा प्रश्नच मग उरत नाही.

ही प्रिंट कशी घ्यायची हे नीट सांगतो, कारण अर्धवट घेतलेली प्रिंट कामाची नाही. प्रत्येक ट्रॅकची फाइल एकाच ठिकाणापासून सुरू व्हायला हवी, म्हणजे प्रोजेक्टच्या शून्यापासून. बुवांचा आवाज सव्वा मिनिटानं सुरू होत असला तरी त्याची फाइल शून्यापासूनच, आधी शांतता. असं केलं की नव्या मशीनवर सगळ्या फाइली एकाखाली एक ओढल्या की आपोआप जुळतात, मोजमाप करावं लागत नाही. शेवटही एकच ठेवा आणि रिव्हर्बची (घुमण्याची) शेपटी संपेपर्यंत पाच-सहा सेकंद जास्त घ्या. क्यूबेसमध्ये डावा-उजवा लोकेटर (सुरुवात-शेवटाच्या खुणा) लावून ऑडिओ मिक्सडाउनमधून चॅनेल बॅच एक्स्पोर्ट करा, सगळे ट्रॅक एका फटक्यात निघतात. रीपरमध्ये सगळे ट्रॅक निवडून रेंडरमध्ये स्टेम्स निवडा आणि मर्यादा पूर्ण प्रोजेक्टची ठेवा.

मी दोन संच घेतो. एक ड्राय, म्हणजे प्लगिन बंद, फक्त रेकॉर्ड झालेला आणि कापून जुळवलेला आवाज. दुसरा प्लगिनसकट. ड्राय संच पुढे नव्यानं मिक्स करायला लागतो. प्लगिनसकटचा संच, आज जे गाणं जसं ऐकू येतं ते टिकवतो. एक अपवाद लक्षात ठेवा. मेलोडाइननं किंवा क्यूबेसच्या व्हॅरीऑडिओनं सूर दुरुस्त केलेला असेल तर ड्राय संचातही तो दुरुस्त केलेलाच आवाज घ्या. नाहीतर ते सगळं काम पुन्हा करावं लागेल. मूळ, दुरुस्त न केलेला टेक ऑडिओ फोल्डरमध्ये आहेच. कीबोर्डवरून मिडीनं (आवाज नाही, कुठला सूर कधी दाबला एवढीच नोंद) वाजवलेली वाद्यंही वेव्ह करून घ्या, आणि जोडीला मिडी फाइल एक्स्पोर्ट करा. नव्या मशीनवर ती बासरी नसली तर दुसरी लावता येते, टेम्पोही त्यात येतो. सगळ्यात शेवटी पूर्ण मिक्सची एक फाइल, मास्टर लिमिटरसह (पूर्ण मिक्सचा आवाज मर्यादेत धरणारं शेवटचं प्लगिन) एक आणि त्याशिवाय एक.

फाइल २४ बिटची ठेवा, आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ वगैरे) प्रोजेक्टचा जो असेल तोच. “४४.१ आहे, ४८ करून घेतो” असं करू नका. नव्या मशीनवरही हे जपायचं आहे. ४४.१ चा प्रोजेक्ट ४८ वर वाजला तर काय होतं हे एकदा ऐकलं की माणूस विसरत नाही. काळी एकमधलं भजन पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधेच कुठेतरी जाऊन बसतं, पाच मिनिटांचं गाणं सुमारे चोवीस सेकंद आधी संपतं, आणि बुवांचा आवाज पोरासारखा होतो. लोक प्लगिन बिघडलं, डिस्क बिघडली म्हणून शोधत बसतात. ऑडिओ इंटरफेसचा (माइक जोडायच्या खोक्याचा) रेट आणि प्रोजेक्टचा रेट एवढंच आधी तपासा.

प्रत्येक गाण्याच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल टाका. गाण्याचं नाव, गायक, पट्टी, टेम्पो, सॅम्पल रेट, कुठला सॉफ्टवेअर आणि कितवं व्हर्जन, कुठली प्लगिन, शेवटचं मिक्स कुठलं. एकाच गाण्याच्या फायनल नावाच्या चार फाइली प्रत्येकाकडे असतात. त्यातली पार्टीनं पास केलेली कुठली, हे आज तुम्हाला आठवतं, पाच वर्षांनी आठवणार नाही. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि आटोपशीर ठेवा. विंडोजमध्ये संपूर्ण पत्त्याला साधारण २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे. फोल्डरात फोल्डर करत गेलं की खालच्या फाइली कॉपी होताना अडतात, आणि घाईत आपण “स्किप” दाबून मोकळे होतो.

सगळ्याच गाण्यांना हे करायचं का? वेळ असेल तर हो. नसेल तर क्रम ठरवा. ज्यांच्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत जगात कुठेच नाही ते आधी: वयस्कर गायक, शाहीर, वासुदेव, गोंधळी, आणि जे आता हयात नाहीत ते. मग ज्याचं काम अजून चालू आहे किंवा पार्टी परत येणार आहे ते. मग तुमच्या स्वतःच्या चाली. गेल्या निवडणुकीच्या रिक्षावरच्या जाहिराती सगळ्यात शेवटी, त्यांचं फक्त मिक्स ठेवलं तरी चालतं.

जागेचा अंदाज देतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका मोनो ट्रॅकचं एक मिनिट म्हणजे जवळपास ८.६ एमबी. पाच मिनिटांचं, चोवीस ट्रॅकचं गाणं म्हणजे साधारण एक जीबी. टेक, ड्राय संच, प्लगिनसकटचा संच सगळं धरून चार-पाच जीबी समजा. दोनशे गाणी एक टीबीत बसतात. दोन टीबीच्या दोन हार्ड डिस्क घेतल्या की मोकळेपणानं काम होतं. फक्त विंडोजवर राहणार असाल तर एनटीएफएस ठेवा. मॅककडे जायचा विचार असेल तर एक्सफॅट करून घ्या, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. फॅट ३२ अजिबात नको, त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि अख्ख्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग असेल तर ते अडकतं. पेनड्राइव्ह फाइल नेण्या-आणण्यापुरता, साठवणीसाठी नाही. एसएसडीही वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू नाही. साठवणीला साधी फिरणारी हार्ड डिस्कच बरी.

कॉपी करताना मशीन यूपीएसवर असू द्या, मधेच लाइट गेली तर डिस्कचं नुकसान होतं. जुन्या टॉवरला यूएसबी २ च असेल तर पाचशे जीबीला चार तास लागतात, रात्री लावून झोपा. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि बाइट जुळवा. टेराकॉपीसारखा प्रोग्रॅम कॉपीनंतर प्रत्येक फाइल पडताळून बघतो, तो वापरला तर उत्तम. एक गोष्ट आवर्जून बघा: तुमचे प्रोजेक्ट डॉक्युमेंट्स फोल्डरमध्ये आहेत आणि वनड्राइव्ह सुरू आहे का? असेल तर काही फाइलींवर ढगाचं चिन्ह दिसेल. त्या तुमच्या डिस्कवर नाहीतच, नुसतं नाव आहे. आधी “कायम या डिव्हाइसवर ठेवा” करून त्या उतरवा, मग कॉपी करा. आणि गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंकला बॅकअप समजू नका. इथे चुकून डिलीट केलं की तिकडेही डिलीट होतं.

आता प्रती किती आणि कुठे. जगभर तीन-दोन-एक असा नियम वापरतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. कोल्हापुरात राहणाऱ्याला हे “दुसऱ्या जागी” समजावून सांगायला लागू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळीत पाणी शिरलं तेव्हा खालच्या मजल्यावरची मशीन आणि त्याच टेबलाच्या ड्रॉवरमधली बॅकअपची डिस्क एकत्रच पाण्यात गेली. १९१५ मध्ये शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. एका इमारतीवर भरवसा ठेवायचा नाही. एक डिस्क घरात, पण वरच्या मजल्यावर. दुसरी नातेवाइकाकडे, नदीच्या पट्ट्याबाहेर, पुण्याला भाऊ-बहीण असेल तर तिकडे. डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आपल्या पावसाळ्याची ओल वाईट. तिसरी प्रत क्लाउडवर, निदान मिक्स आणि महत्त्वाच्या गाण्यांच्या प्रिंटची. गूगलवर फुकट १५ जीबीच मिळतात, त्यामुळे सगळं नाही बसणार. सगळं चढवायचं तर पैसे भरावे लागतील आणि अपलोड ५० एमबीपीएसनं मिळालं तरी पाचशे जीबीला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो.

गाण्यांशिवाय आणखी काही गोष्टी न्यायच्या आहेत, त्या पटकन सांगतो. कीबोर्ड शॉर्टकट, टेम्पलेट, प्लगिनचे प्रीसेट. रीपरमध्ये प्रेफरन्सेसच्या जनरलमध्ये एक्स्पोर्ट कॉन्फिगरेशन आहे, एका फाइलीत सगळं येतं. क्यूबेसचं यातलं बहुतेक युजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये स्टाइनबर्ग नावाखाली असतं, तो फोल्डर उचला. इन्स्टॉलर, सीरियल नंबर आणि कुठल्या ईमेलनं रजिस्टर केलंय हे लिहून ठेवा. इंटरफेस फायरवायरचा असेल तर नव्या लॅपटॉपला ते पोर्ट नसणार, त्याचा विचार खरेदीआधी करा.

नवा लॅपटॉप आला की त्यावर आधी सॉफ्टवेअर आणि प्लगिन टाका, मग परीक्षा. जुनं मशीन आणि त्याची डिस्क जोडायचीच नाही. बॅकअपच्या डिस्कवरून सगळ्यात अवघड पाच-सहा प्रोजेक्ट नव्या मशीनवर कॉपी करा आणि उघडा. जुनी डिस्क जोडलेली असली तर सॉफ्टवेअर हरवलेल्या फाइली गुपचूप तिथूनच उचलतं आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. उघडल्यावर पुन्हा सेव्ह करताना वेगळ्या नावानं करा, कारण नव्या क्यूबेसनं सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडेलच असं नाही.

नुसतं ऐकून भागत नाही, कान पटकन सरावतो. जुन्या मशीनवर घेतलेलं लिमिटरशिवायचं मिक्स एका ट्रॅकवर टाका. नव्या मशीनवरून त्याच प्रोजेक्टचं तसंच मिक्स काढून दुसऱ्या ट्रॅकवर, बरोबर त्याच जागी. दोन्ही फेडर सारखे, आणि एकाचा फेज, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटा करा. दोन्ही तंतोतंत सारखी असतील तर पूर्ण शांतता होईल. काही उरलं तर जे ऐकू येतं तेच बिघडलेलं आहे. ढोलकी उरली तर ढोलकीच्या ट्रॅकवरचं प्लगिन बघा. काही रिव्हर्ब आणि कोरस प्रत्येक वेळी थोडे वेगळे वाजतात, त्यांचा धूसर अंश राहणार, त्याची काळजी नको. पण गायकाचा आवाज ऐकू येता कामा नये.

लायसन्स सगळ्या प्रिंट घेऊन झाल्यावरच हलवा. आधी हलवलं तर जुन्या मशीनवर प्रिंट घेता येणार नाही, आणि जुनं मशीन फॉरमॅट झाल्यावर ते काढायला जागा उरणार नाही. आयलॉकचं असेल तर आयलॉक लायसन्स मॅनेजरमधून, वेव्ह्जचं वेव्ह्ज सेंट्रलमधून क्लाउडवर परत पाठवा. क्यूबेस ११ किंवा त्याआधीचं असेल तर तुमच्याकडे ई-लायसन्सरची यूएसबी डोंगल (लायसन्स साठवलेली पेनड्राइव्हसारखी किल्ली) असणार. ती सेवा स्टाइनबर्गनं २० मे २०२५ ला बंद केली आहे. डोंगलवरचं लायसन्स चालत राहतं, पण डोंगल हरवली किंवा तुटली तर ते परत मिळवायची सोय आता नाही. ती लॅपटॉपला कायम लटकवून बॅगेत कोंबू नका. आणि डोंगलऐवजी मशीनलाच बांधलेलं सॉफ्ट लायसन्स असेल तर ते नव्या लॅपटॉपवर नेता येत नाही, त्या गाण्यांची प्रिंट घेतल्याशिवाय पुढे जाऊच नका.

दुकानदार क्लोन करून देतो म्हणाला तर तेही नको. जुन्या मशीनची डिस्क नव्या लॅपटॉपमध्ये जशीच्या तशी उतरवली की जुने ड्रायव्हर आणि जुनी भानगड सगळी सोबत येते, शिवाय बरीच लायसन्स मशीन बदललं म्हणून अडतात. स्वच्छ विंडोज ठेवा. एक्स्चेंज द्यायचंच असेल तर आधी टॉवर उघडून हार्ड डिस्क काढून घ्या. लक्ष्मीपुरीत किंवा राजारामपुरीत कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात तिच्यासाठी यूएसबी केसिंग मिळतं, त्यात ती बसवून नाव लिहून ठेवा. लोकांचे कच्चे आवाज त्यात आहेत, ते अनोळखी हातात जायला नकोत. डिस्कशिवाय टॉवरचा काय भाव देता, एवढंच दुकानदाराला विचारा.